टर्बो रोटरी इंजिन बांधलं तरी पुन्हा का बसतं? अॅपेक्स सील निवडताना काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. इंजिन बांधून घेतलं, काही महिने झकास पळालं. मग मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून पंपावर गाडी बंद केली, पेट्रोल भरलं, सेल्फ मारला, तर इंजिन नुसतंच गरगरतंय, पेट घेत नाही. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर लागते. पुढे पुढे थंड असतानाही लागेनाशी होते. मग इंजिन परत खाली, आणि मालकाचं पहिलं वाक्य: "दादा, मागच्या वेळची सीलं लेचीपेची होती. या वेळी सगळ्यात स्ट्राँग टाका."

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या प्रत्येक टोकावरच्या खाचेत, म्हणजे ग्रूव्हमध्ये, बसलेली पट्टी म्हणजे अॅपेक्स सील, आणि ती ज्या भिंतीवर घासते ते हाउसिंग. सगळ्यात स्ट्राँग असं सील बाजारात नाही. जे सहजी तुटत नाही ते लवकर झिजतं, आणि जे झिजत नाही ते एक तर फुटतं, नाही तर हाउसिंग खातं. त्यामुळे कुठलं सील मागवायचं हे कॅटलॉग बघून ठरत नाही. जुनं सील नेमकं कशाने मेलं हे आधी कळायला लागतं. इंजिन खोलताना जुनी सीलं भंगारात टाकणाऱ्या मेकॅनिकला म्हणूनच मी हात जोडतो. तोच तर पंचनामा आहे, तो फेकू नका.

पुढचं सगळं माझदाच्या १३बी टर्बो इंजिनाबद्दल आहे, म्हणजे आरएक्स-७ च्या एफडी पिढीतलं १३बी-आरईडब्ल्यू आणि थोड्याफार फरकाने त्याआधीच्या एफसी पिढीतलं. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. आरएक्स-८ चं रेनेसिस इंजिन दिसायला भाऊ असलं तरी त्याचं सील उंचीला बरंच कमी असतं: नवं असताना ५.३ मिमी. एफडीचं ८ मिमी. दोन्ही २ मिमी जाडीची, त्यामुळे ग्रूव्हमध्ये आरामात बसतात. पार्सल मागवताना ही गफलत होऊ शकते, लक्ष ठेवा.

आधी सीलच गेलंय का ते बघा

गाडी लागत नाही म्हणजे सील गेलं, असं लगेच धरू नका. रोटरी इंजिन फ्लड होण्यात पटाईत आहे. थंडीत दोन मिनिटं चालू करून पार्किंगमध्ये मागेपुढे केली आणि बंद केली, की आत पेट्रोल साचतं, भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि कॉम्प्रेशन तात्पुरतं पडतं. अशा वेळी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, लीडिंग प्लग (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांतला खालचा; वरचा तो ट्रेलिंग) काढा, सेल्फवर थोडं थोडं फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. लागली तर सीलचा विषय तिथेच संपला.

नाही लागली तर कॉम्प्रेशन मोजा. इथे साधा गेज फसवतो. एका रोटरला तीन बाजू, म्हणजे तीन वेगवेगळे कप्पे. नेहमीचा गेज तिघांतला सगळ्यात चांगला आकडा धरून बसतो आणि दोन मेलेल्या कप्प्यांवर पांघरूण घालतो. गेजच्या टोकाची व्हॉल्व्ह पिन काढून टाका म्हणजे काटा प्रत्येक कप्प्याला उडी मारेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याचा व्हिडिओ काढा आणि निवांत बघा. पिन काढल्यावर काटा आकडा थोडा कमी दाखवतो, म्हणून इथे आकड्यापेक्षा तीन उड्यांची बरोबरी महत्त्वाची. खरा आकडा रोटरी टेस्टरवर बघायचा. इंजिन गरम, बॅटरी फुल, थ्रॉटल पूर्ण उघडं आणि सेल्फवर २५० आरपीएम. तब्येतीच्या इंजिनाला ७ किलोच्या वर मिळालं पाहिजे. ६ च्या खाली गेलं की बांधायची तयारी करा. एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको.

तीन उड्या वाचता आल्या की इंजिन न खोलता अर्धं निदान होतं. एक अॅपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असतं. ते गेलं की शेजारचे दोन्ही कप्पे पडतात आणि तिसरा ठणठणीत राहतो. एकच कप्पा पडला असेल तर संशय साइड सील (रोटरच्या सपाट बाजूचं) किंवा कॉर्नर सीलवर (कोपऱ्यातलं). तिन्ही सारखेच कमी असतील तर झीज सगळीकडची आहे, हाउसिंगसकट. आणि कॉम्प्रेशन तिन्हीकडे चांगलं असून कूलंटमध्ये बुडबुडे येतायत, सकाळी पांढरा धूर येतोय, तर पाण्याची रबरी सील गेली आहेत. ते वेगळं दुखणं, त्यासाठी अॅपेक्स सीलं बदलून काही मिळणार नाही.

गरम झाल्यावरच का लागत नाही, याचंही उत्तर इथे आहे. सीलखाली दोन स्प्रिंग असतात, पण चालत्या इंजिनात सीलला हाउसिंगवर दाबून धरण्याचं मुख्य काम स्प्रिंग करत नाहीत. जळणारा वायू ग्रूव्हमध्ये शिरतो आणि सीलला खालून आणि बाजूने रेटतो. आतून झाकण लागणाऱ्या प्रेशर कुकरसारखं: आत दाब जितका, तितकं झाकण घट्ट. सेल्फवर मात्र दाबच नसतो, सगळी मदार स्प्रिंगवर. तापून बसलेल्या स्प्रिंग, झिजून उंची गमावलेलं सील आणि गरमीने पातळ झालेलं ऑइल एकत्र आले की इंजिन फिरतं पण पेटत नाही. म्हणून इंजिन बांधताना स्प्रिंग नव्याच घाला. जुन्या स्प्रिंग वापरून वाचवलेले पैसे सेल्फ मोटर आणि बॅटरीवर जातात.

खोलल्यावर ट्यूबलाइटखाली

पुढचं हाउसिंग उचललं की सरळ टेबलावर, ट्यूबलाइटच्या खाली आडवं धरायचं. आतली भिंत क्रोमची असते: अॅल्युमिनियमच्या आत पोलादी पत्रा आणि त्यावर कठीण क्रोम. चांगल्या हाउसिंगमध्ये ट्यूबलाइटची रेघ सरळ, न तुटता दिसते. मग अंगठ्याचं नख एक्झॉस्ट पोर्टपासून प्लगच्या भोकांपर्यंत हळूहळू फिरवायचं. जिथे नख अडखळतं तिथे बघायचं. कडेला क्रोम पापुद्र्यासारखं सुटलंय का? प्लगच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा आहेत का? पोर्टच्या ओठावर धातू आपटल्याची खूण आहे का? हे हाउसिंग बोअर करून पुढच्या साइजचं पिस्टन टाकण्यासारखं प्रकरण नाही. क्रोम गेलं की हाउसिंग गेलं, आणि दोन नवी हाउसिंग इथपर्यंत ड्यूटी भरून आणायची तर त्या पैशांत चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड हॅचबॅक येते.

मग सीलं. रोटरवर १, २, ३ असं मार्किंग करून प्रत्येक सील आपल्या जागेच्या नावाने पुडीत ठेवा.

टोकाचा छोटा तिरका तुकडा उडालेला, किंवा सील मधोमध दोन तुकडे: हे नॉकिंगने, म्हणजे मिश्रण नीट न जळता धडाक्याने पेटल्याच्या फटक्याने, मेलेलं. ओतीव लोखंडाचं ओरिजिनल सील असंच मरतं. तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांना भेटून जातो, त्यामुळे टर्बाइनच्या कडा टॉर्च मारून बघा, त्या चघळल्यासारख्या दिसतात.

सील सपाट काचेवर ठेवलं आणि ते डुलतंय, मधे उजेड दिसतोय: हेही नॉकिंगच, पण सील मऊ पोलादाचं होतं म्हणून वाकलं. तुकडा पडला नाही, हाउसिंग आणि टर्बो वाचले.

सील सरळ आहे, पण उंची गेली: हे झिजून मेलेलं. मायक्रोमीटरने मधे आणि दोन्ही टोकांना मोजा. ८ वरून ६.५ मिमीला आलं की संपलं. टोकांना जास्त आणि मधे कमी, किंवा उलट, असेल तर झीज हाउसिंगच्या आकारामुळे आहे, नव्या सीलचीही तीच गत होईल.

चौथा प्रकार आपल्याकडचा खास. गाडी पाऊसभर नेरुळच्या किंवा खारघरच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी. सील ना तुटलंय ना झिजलंय, पण काजळी आणि गंजाने ग्रूव्हमध्ये चिकटून बसलंय. बोटाने दाबलं तर स्प्रिंगवर उसळतच नाही. साइड हाउसिंगच्या, म्हणजे रोटरच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांच्या, लोखंडावर रोटरच्या आकाराचा तांबूस ठसा उमटलेला दिसतो. या इंजिनाला महागडं सील घालून काहीही सुधारत नाही.

सीलं बघून झाली की ग्रूव्ह मोजा, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात. नवं सील ग्रूव्हमध्ये घालून फीलर गेज बाजूने सरकवायचं, दोन्ही टोकांना आणि मधे. ०.१५ मिमी ही मर्यादा. नॉकिंग झालेल्या रोटरमध्ये टोकाकडे ग्रूव्ह ठोकून रुंद झालेला असतो आणि मधे अजून चांगला असतो, म्हणून मधल्या एकाच मापावर विसंबू नका. रुंद ग्रूव्हमध्ये कुठलंही सील खडखडणार आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. शिवाय साइड हाउसिंगची झीज ०.१० मिमीच्या आत आणि बाक ०.०४ च्या आत हवा. रोटर हाउसिंगची रुंदी चार-पाच ठिकाणी मोजून फरक ०.०६ च्या आत. साइड हाउसिंग थोडं खोल झिजलं असेल तर आपल्या पट्ट्यात सरफेस ग्राइंडिंग आणि लॅपिंग चांगलं होतं, पण एफडीच्या लोखंडावर नायट्राइडचा कठीण थर असतो. लॅप केल्यावर तो निघून जातो, म्हणून नंतर परत नायट्राइडिंग करून घ्यायचं हे मशिनवाल्याला आधीच सांगा.

सीलचे प्रकार, आणि कुणाला काय

इतिहासात दोन मिनिटं जाऊ, कारण आजचे सगळे पर्याय तिथूनच आलेत. टोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वांकेल, म्हणजे याच रोटरी, इंजिनाचा करार केला. सुरुवातीच्या इंजिनांच्या भिंतीवर ओरखड्यांची रांग उमटायची. माझदाच्या रोटरी विभागाचे प्रमुख केनइची यामामोतो यांच्या तुकडीतले इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. सील भिंतीवर थरथरत घासतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी सीलला टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून त्याची थरथर बदलली आणि खुणा गेल्या. पण १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली ती अॅल्युमिनियम भरलेल्या कार्बनच्या सीलवर. कार्बन भिंतीला हळुवार, पण टर्बोच्या दाबाखाली तो टिकणार नाही. पुढे ओतीव लोखंड आलं, जाडी ६ मिमीवरून ३ वर आणि मग २ वर आली. १९९१ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी गाडीच्या चार रोटरच्या इंजिनात सिरॅमिकची सीलं होती. म्हणजे भिंत, दाब आणि वेग यांच्यातली ओढाताण पहिल्या दिवसापासून आहे. ७००० आरपीएमला सीलचं टोक भिंतीवरून सेकंदाला पंचवीस मीटरहून जास्त वेगाने घासत जातं आणि जाता जाता दोन्हीकडे सुमारे २५ अंशांपर्यंत कलतं. या कसरतीत दहा हजारांचं सील आणि लाखांचं हाउसिंग यांतलं झिजायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

ओरिजिनल माझदा सील: खास ओतीव लोखंड, टोकावर इलेक्ट्रॉन बीमने कडक केलेलं. झिजण्याच्या बाबतीत याच्या तोडीचं काही मी बघितलेलं नाही. हाउसिंगशी त्याचं जमतं, ऑइल धरून ठेवतं आणि नीट ट्यून केलेल्या गाडीत वर्षानुवर्षं चालतं. दोष एकच: नॉकिंग झालं की माफी नाही, फुटतंच.

मऊ पोलादाची सीलं: अमेरिका-ऑस्ट्रेलियात बरेच जण बनवतात. रोटरी एव्हिएशनची सुपर सील याच घराण्यातली. नॉकिंगच्या फटक्याला ही वाकतात, फुटत नाहीत. किंमत म्हणून ती स्वतः लवकर झिजतात, काही बनावटी हाउसिंगवरही रेघा पाडतात. यांना ऑइल जरा जास्त लागतं.

कठीण पोलादाची सीलं: जाहिरातीत हीच 'रेसिंग' म्हणून असतात. ती वाकतही नाहीत आणि सहजी फुटतही नाहीत. मग बसलेला मार जातो कुठे? ग्रूव्हमध्ये आणि क्रोममध्ये. रस्त्यावरच्या गाडीला मी ही सुचवत नाही.

सिरॅमिक: आयनेटीसारख्यांची मिळतात. वजनाला हलकी, घर्षण कमी, झीज जवळपास नाही. किंमत ऐकून खुर्चीत बसावं लागतं. ज्याच्या गाडीचं ट्यूनिंग डोळे झाकून भरवशाचं आहे त्याच्यासाठी ठीक.

तीन मिमीचा हट्ट: ग्रूव्ह २ वरून ३ मिमी करून जाडं सील घालणे. ग्रूव्ह आधीच रुंद झालेला आहे आणि दुसरा रोटर मिळत नाही, तेव्हा हा चांगला तोडगा. 'जाड म्हणजे मजबूत' म्हणून चांगल्या रोटरवर करायला माझी तयारी नसते. सील जड होतं, हाय आरपीएमला भिंतीवर जास्त आपटतं आणि ग्रूव्हच्या दोन्ही बाजूची भिंत पातळ होते. नॉकिंग थांबत नाही, ते फक्त दुसरा भाग तोडतं.

आता वाशीतल्या किंवा ठाण्यातल्या माणसाने काय घ्यावं? जुनं सील झिजून मेलं असेल, हाउसिंग चांगलं असेल, बूस्ट (टर्बोचा दाब) कंपनीने दिलेल्या १० पीएसआयच्या आसपास असेल आणि गाडीत हवा-पेट्रोलचं मिश्रण दाखवणारं वाइडबँड गेज बसवायची तयारी असेल, तर ओरिजिनल घ्या. जुनं सील फुटून मेलं असेल आणि का फुटलं हे अजून छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर मऊ पोलादाचं घ्या. पुढचा फटका सील खाईल, रोटर आणि टर्बो वाचतील, आणि ते लवकर बदलावं लागणार हे आधीच धरून चाला. बूस्ट १८-२० च्या पुढे न्यायचं असेल तरी माझं मत मऊकडेच. हाउसिंग सेकंडहँड, थोडं ओरखडलेलं असेल तर त्यात महागडं काही घालू नका.

"इथेच बनवून घेऊ ना"

हा प्रश्न आला नाही असं होत नाही. वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भेपर्यंत ग्राइंडरवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत. ड्रॉइंग दिलं की ते संध्याकाळपर्यंत एन-३१ मधून सहा सीलं काढून देतील, मापाला तंतोतंत. माप ही अडचण नाहीच. एन-३१ हे बेअरिंगचं पोलाद, कडक करून दीड-दोनशे अंशांवर टेंपर केलेलं. इंजिनात सील त्याहून तापतं, मग ते पुन्हा टेंपर होतं आणि कडकपणा उतरतो. हायस्पीड स्टील म्हणजे एचएसएस घेतलं तर उष्णता सोसेल, पण ते इतकं कठीण की क्रोमला कानस लावल्यासारखं खरवडेल आणि फटक्याला काचेसारखं उडेल. आणि टोकाच्या गोलाईचं काय? कललेलं सील त्या गोलाईवर लोळत जातं, तिथे ग्राइंडिंगची बारीक धार राहिली तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये भिंतीवर रेघा. स्थानिक मशिन शॉपला इतर कामं द्या: हाउसिंगचं माप, लॅपिंग, बॅलन्सिंग, आणि बाहेरून आलेलं लांब सील घासून मापात आणणं.

या शेवटच्या कामात एक हिशोब डोक्यात ठेवा. हाउसिंगची रुंदी ८० मिमी. थंड असताना सील आणि साइड हाउसिंग यांच्यात ०.१३ ते ०.१७ मिमी फट ठेवतात. 'एवढी फट कशाला, कॉम्प्रेशन गळेल' म्हणून ती कमी करणारे भेटतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. सील २०० अंशांनी तापलं तर ८० मिमीला ०.१९ मिमी वाढलं. अॅल्युमिनियमचं हाउसिंग दर अंशाला २३ मायक्रॉनने वाढतं, पण पाण्याने गार असल्यामुळे साठेक अंशच तापतं: ०.११ मिमी. म्हणजे फट ०.०८ ने आवळली. हिशोब ढोबळ आहे, पण थंड असताना ०.०५ ठेवणाऱ्याचं सील गरम झाल्यावर का अडकतं आणि का वाकतं ते कळायला पुरेसा आहे. असं वाकलेलं सील पाहून लोक ट्यूनरला शिव्या घालतात.

सील मेलं कशाने: इथली नेहमीची कारणं

पेट्रोलपासून सुरुवात करू. २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, आत थंडावाही मिळतो, तिथपर्यंत ठीक. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढंच पेट्रोल मारलं तर मिश्रण पातळ होतं: शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत सुमारे ७ टक्के, दहा टक्के इथेनॉलवर केलेल्या गाडीत साडेतीन-चार टक्के. निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सावरून घेतो. फुल बूस्टला जुना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरकडे बघतच नाही, ठरलेल्या नकाशावर पेट्रोल मारतो. बूस्टमध्ये लॅम्डा (मिश्रणाचं माप: १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ठेवलेली गाडी गुपचूप ०.८३ वर जाते. टर्बो रोटरीसाठी हे धोक्याचं. गेज लॅम्डावर ठेवा, एअर-फ्युएलच्या आकड्यावर नको, म्हणजे पेट्रोल कुठलंही असो, वाचन तेच राहतं. बूस्टमध्ये ०.७५ ते ०.७८ धरा. ही गाडी जपानमध्ये हाय-ऑक्टेनवर चालायची हेही विसरू नका. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून मिळतंय. ते ठराविक पंपांवरच मिळतं, म्हणून ज्या पेट्रोलवर रोज चालवणार त्यावरच ट्यून करून घ्या. शंभरवर ट्यून करायचं आणि पुण्याहून परतताना मिळेल ते भरायचं, हे चालणार नाही.

दुसरं, फ्युएल पंपाची वायरिंग. तीस वर्षांच्या गाडीत पंपापर्यंत जाईतो व्होल्टेज गळतं. एफडीमध्ये पंप दोन वेगांवर चालतो, कमी लोडला रेझिस्टरमधून आणि जास्त लोडला थेट. तो रिले अडकला की शहरात गाडी मस्त, आणि एक्स्प्रेसवेवर बोर घाटात पूर्ण लोड आला की पेट्रोल अपुरं. मल्टिमीटर पंपाच्या सॉकेटवर लावून लोडखाली मोजा. गाडी उभी असतानाचं माप इथे कामाचं नाही.

तिसरं, बूस्ट स्वतःच वाढणं. मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) आणि सायलेन्सर लावला की एफडीच्या ओरिजिनल टर्बोचं वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, पुरं पडत नाही, बूस्ट वरच्या आरपीएमला चढत जातं. मालकाला वाटतं गाडी खुलली. त्यात व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ, गरमीने कडक झालेलं. सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घाला, बूस्टचा लॉग काढा आणि बघा.

चौथं, उष्णता. ओरिजिनल इंटरकूलर लहान आहे. कापूरबावडीच्या सिग्नलला दहा मिनिटं उभी राहून निघालेली गाडी पुढच्या मोकळ्या पट्ट्यात लगेच दाबली, तर आत शिरणारी हवा कढत असते. इनटेकचं तापमान ५०-६० अंशांवर गेलं की बूस्ट आणि इग्निशन मागे घेणारी सेटिंग ईसीयूत असलीच पाहिजे.

प्लगबद्दल एकच: ओरिजिनल लीडिंग ७ नंबर, ट्रेलिंग ९ नंबर (नंबर म्हणजे प्लगची उष्णता-श्रेणी). बूस्ट वाढवलं की चारही ९. आणि वायरी अदलाबदल होऊ देऊ नका.

झिजून मेलेल्या सीलमागे बहुतेक वेळा ऑइल असतं. या इंजिनाचा मीटरिंग पंप थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडतो, त्यावर सील घासतं. स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्याऐवजी बाहेरचा) बसवला की बऱ्याचदा तो पंप चालवणारं कुणी उरत नाही आणि मालकाला सांगायचं राहून जातं. मग पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळणं आलं. चेतकच्या जमान्यातले लोक लिटरला २० मिली टाकायचे, इथे तेवढं नको. मीटरिंग पंप चालू असेल तर लिटरला ४ मिली, बंद असेल तर ८ ते १०, मऊ सील असेल तर वरच्या आकड्याकडे. राख न करणारं टू-टी घ्या, नाही तर काजळीच ग्रूव्ह भरून टाकेल. आधी टाकीत ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं.

बांधल्यावर

सील बसवताना हाउसिंगला आणि ग्रूव्हला ऑइल, स्प्रिंग योग्य बाजूने, आणि सील दाबून सोडल्यावर खट्‌कन वर आलं पाहिजे. कॉर्नर सीलही नवीन. रन-इनसाठी मिनरल ऑइल, पहिले हजार-दीड हजार किलोमीटर ४००० आरपीएमच्या आत आणि बूस्ट नाही. पाम बीच रोडवर हे पाळणं जड जातं, मान्य, त्यासाठी बूस्ट कंट्रोलर काढूनच ठेवा. रन-इन झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि सहाही आकडे तारखेसकट बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर तुलनेला तेच लागणार आहेत. एकच कप्पा हळूहळू पडतोय की सगळे एकदम, हे त्या कागदावरूनच कळतं.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर शेवटच्या फेरीत टाकीत टू-टी थोडं जास्त टाकून इंजिन पूर्ण गरम करा, बंद केल्यावर लीडिंग प्लगच्या भोकांतून ऑइल सोडून हाताने दोन-तीन फेरे फिरवा. दर दोन-तीन आठवड्यांनी बॅटरी लावून, प्लग काढूनच, सेल्फवर थोडं फिरवा. नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. त्याने आत पेट्रोल आणि ओल दोन्ही साचतात. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून टाकी एक तर तोंडापर्यंत भरलेली किंवा जवळपास रिकामी ठेवा, आणि दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा जुनं पेट्रोल बदलून, फिल्टर नवा घालून मगच बूस्टला हात लावा.